जमीन खरेदीपूर्वी न्यायालयातील दाव्यांचा शोध



जमीन विकत घेताना आपण बांधावर उभे राहून माती हातात घेतो, विहिरीला पाणी किती महिने टिकते ते विचारतो, चुनखडीचे प्रमाण पाहतो आणि जमेल तर मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. परंतु त्या जमिनीवर एखादा दिवाणी दावा चालू आहे काय, याची चौकशी फार थोडे लोक करतात. मातीतील क्षार निचरा करून, जिप्सम घालून कमी करता येतात. दाव्यात अडकलेली जमीन मात्र वर्षानुवर्षे मोकळी होत नाही.

मी कृषिविद्येचा प्राध्यापक आहे, वकील नव्हे. तरीही हा विषय घेण्याचे कारण घरचेच आहे. माझ्या चुलत्यांनी विहिरीलगतची ६० गुंठे जमीन घ्यायचे ठरवले. सातबारा पाहिला, त्यावर विकणाऱ्याचे एकट्याचे नाव होते, इतर हक्काचा रकाना कोरा होता. उसाच्या बिलातून त्यांनी ३ लाख रुपये इसार दिला. दोन महिन्यांनी न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन दारात आला. विकणाऱ्याच्या बहिणीने वाटपाचा दावा आधीच्या वर्षीच दाखल केला होता आणि आता त्यात माझ्या चुलत्यांनाही प्रतिवादी केले होते. तो दावा इंटरनेटवर कोणालाही पाहता येत होता. शोधायला दहा मिनिटे लागली असती. ती दहा मिनिटे मीही दिली नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे.

प्रस्तुत लेखात हा शोध कसा घ्यावा, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, याची माहिती दिली आहे.

सातबारा पुरेसा का नाही?

सातबारा हा महसुली अभिलेख होय. दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला की त्याची नोंद आपोआप सातबाऱ्यावर येते असे नाही. वाटपाच्या दाव्यांत तर हे नेहमी दिसते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. दुरुस्ती अमलात आली तेव्हा वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून सातबाऱ्यावर बहिणीचे नाव नाही, याचा अर्थ तिचा हक्क नाही असा घेऊ नये.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ चा आशय असा की, दावा चालू असताना त्यातील मिळकत घेणारा त्या दाव्याच्या निकालाने बांधला जातो. आपल्या राज्यात या कलमाला दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याची तरतूद जोडलेली आहे. म्हणून नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेत त्या गटाची सूची क्रमांक दोनही पाहावी.

शोध कोठे घ्यावा?

तालुका व जिल्हा न्यायालयांतील प्रकरणे ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर पाहता येतात. याच नावाचे मोबाइल अ‍ॅपही आहे. ही सेवा विनामूल्य असून त्यासाठी वकील असण्याची किंवा प्रकरणात पक्षकार असण्याची अट नाही. घरी सोय नसल्यास न्यायालयाच्या आवारातील ई-सेवा केंद्रात विचारावे.

उच्च न्यायालयातील प्रकरणे मात्र वेगळी पाहावी लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आधी आपले खंडपीठ निवडावे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) व गोवा यांखेरीज १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सर्किट बेंच सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याकडे आहेत. या जिल्ह्यांतील जुने अपील मुंबईच्या नोंदीतही पाहावे.

नावावरून शोध घेण्याची पद्धत

१) संकेतस्थळावर 'केस स्टेटस' हा भाग उघडावा. राज्य, जिल्हा व न्यायालय संकुल निवडावे. जमीन ज्या तालुक्यात आहे तेथील न्यायालय आधी पाहावे आणि नंतर जिल्ह्याच्या ठिकाणचे. मोठ्या मूल्याचे दावे वरिष्ठ स्तर न्यायालयात असतात व ते आपल्या तालुक्यात असेलच असे नाही.

२) 'पार्टी नेम' म्हणजे पक्षकाराचे नाव हा पर्याय घ्यावा. नावाची किमान तीन अक्षरे लागतात.

३) नोंदणीचे वर्ष भरावे. एका वेळी एकच वर्ष शोधले जाते, म्हणून चालू वर्षापासून मागे जात किमान पंधरा वर्षे एकेक करून पाहावीत. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु टाळू नये.

४) 'पेंडिंग' म्हणजे प्रलंबित, 'डिस्पोज्ड' म्हणजे निकाली व 'बोथ' म्हणजे दोन्ही. नेहमी 'बोथ' घ्यावे. निकाली दाव्यातील हुकूमनाम्याची अंमलबजावणी, म्हणजे दरखास्त, पुढे येऊ शकते.

५) चित्रात दिसणारी अक्षरे जशीच्या तशी चौकटीत भरून शोध द्यावा.

नावांच्या स्पेलिंगबाबत विशेष काळजी घ्यावी. नोंदी बहुधा इंग्रजी लिपीत असतात आणि एकच नाव दोन कारकून दोन प्रकारे लिहितात. 'ज्ञानेश्वर' कोठे 'डी' ने सुरू होते, कोठे 'जी' ने. 'वाघ' कोठे 'डब्ल्यू' ने, कोठे 'व्ही' ने. म्हणून पूर्ण नाव न भरता आधी केवळ आडनाव, मग केवळ पहिले नाव अशा प्रकारे शोधावे. विकणाऱ्याबरोबर त्याचे वडील, भाऊ, बहिणी, चुलते आणि त्याला ज्याने जमीन विकली तो, अशी सर्व नावे पाहावीत. ही नावे जुन्या फेरफारांतून व वारस नोंदींतून मिळतात.

सीएनआर क्रमांक म्हणजे काय?

प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढील दोन जिल्ह्याची, नंतरचे दोन अंक न्यायालय आस्थापनेचे, पुढील सहा अंक अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. हा क्रमांक हाती असल्यास नाव, वर्ष काहीच लागत नाही. आपला स्वतःचा दावा चालू असेल तर हा क्रमांक वकिलांकडून घेऊन वहीत लिहून ठेवावा व अ‍ॅपमध्ये 'माय केसेस' या यादीत साठवावा. पुढची तारीख घरबसल्या कळते.

मिळालेली माहिती कशी वाचावी?

यादीतील प्रकरणासमोरील 'व्ह्यू' दाबले की सविस्तर तपशील उघडतो. त्यात पुढील बाबी पाहाव्यात.

प्रकरणाचा प्रकार : 'आर.सी.एस.' म्हणजे नियमित दिवाणी दावा (रे.मु.नं.), 'स्पेशल सी.एस.' म्हणजे विशेष दिवाणी दावा, 'आर.सी.ए.' म्हणजे नियमित दिवाणी अपील. 'दरखास्त' ही हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी, तर 'एल.ए.आर.' हे भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे प्रकरण होय.

टप्पा व पुढील तारीख : समन्स, लेखी कैफियत, मुद्दे, पुरावा, युक्तिवाद व निकाल असे साधारण टप्पे असतात. 'एक्झिबिट ५' असा उल्लेख दिसल्यास तो आपल्याकडे प्रचलित असलेला निशाणी ५ चा, म्हणजे बहुधा तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज समजावा. त्यावर काय आदेश झाला हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

इतिहास व आदेश : प्रत्येक तारखेला काय काम झाले ते तारखेवर दाबून दिसते. आदेश चढवलेले असल्यास तेथेच वाचता येतात. दाव्यातील गट नंबर बहुधा आदेशाच्या मजकुरातच सापडतो. नावे सारखी असणारी माणसे पुष्कळ असल्यामुळे गट नंबर जुळल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

येथे न सापडणारी प्रकरणे

ई-कोर्ट्सवर काही सापडले नाही म्हणजे जमीन निर्वेध आहे, असे समजू नये.

- तहसीलदार, उपविभागीय अधिकारी व जिल्हाधिकारी यांच्यापुढील प्रकरणे दिवाणी न्यायालयाच्या नोंदीत नसतात. फेरफाराची तक्रार, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खालील रस्त्याची मागणी, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खालील रस्ता अडवल्याचे प्रकरण व कुळकायद्याची प्रकरणे ही अशी होत. महसूल विभागाच्या ई-क्यूजे कोर्ट्स या प्रणालीवर शोध घ्यावा आणि तहसील कार्यालयात समक्षही चौकशी करावी.
- 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावातील फेरफारांच्या नोटिसा दिसतात. त्या पाहाव्यात.
- सदोष बियाण्याबाबतच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतात. त्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती ही प्रणाली आहे.
- संगणकीकरणापूर्वी निकाली निघालेले जुने दावे येथे नसू शकतात. शंका असल्यास वकिलामार्फत न्यायालयाच्या अभिलेख कक्षात शोधाचा अर्ज द्यावा.

स्वतःच्या दाव्याबाबत

तारखेला गैरहजर राहिल्याने एकतर्फी हुकूमनामा झालेले शेतकरी खेड्यापाड्यांत आढळतात. असा हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी अर्जाची मुदत ३० दिवसांची असते. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर ती हुकूमनामा कळल्यापासून धरतात. हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, तर उच्च न्यायालयात ९० दिवस असते. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेला काळ यातून वगळला जातो. म्हणून नकलेचा अर्ज ताबडतोब करावा. इंटरनेटवरून काढलेली प्रत माहितीसाठी ठीक आहे, परंतु पुराव्यासाठी किंवा अपिलासाठी नक्कल शाखेतून प्रमाणित प्रतच घ्यावी लागते.

वकिलाचा खर्च परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

इसार देण्यापूर्वीचा क्रम

१) चालू सातबारा, आठ-अ व जुने फेरफार काढून वारसांची यादी करावी.
२) त्या प्रत्येक नावाचा ई-कोर्ट्सवर वर्षवार शोध घ्यावा.
३) उच्च न्यायालय व महसुली प्रकरणे पाहावीत.
४) सूची क्रमांक दोन तपासावी.
५) सापडलेल्या प्रत्येक प्रकरणाचा क्रमांक, टप्पा व तारीख कागदावर लिहून वकिलांना दाखवावी.
६) त्यानंतरच इसार पावती करावी. तीत 'जमिनीवर कोणताही दावा प्रलंबित नाही. तसे आढळल्यास इसाराची रक्कम परत करीन' असे विकणाऱ्याकडून लिहून घ्यावे.

माझ्या चुलत्यांचा दावा अद्याप पुराव्याच्या टप्प्यावर आहे. इसाराचे पैसे परत आले नाहीत आणि जमीनही मिळाली नाही. दर तारखेनंतर ते मला फोन करतात आणि मी पुढची तारीख पाहून त्यांना सांगतो. तोच शोध आपण आधी घेतला असता तर, असे ते कधी म्हणत नाहीत. शेतकरी बंधूंनी मातीच्या नमुन्याइतकेच महत्त्व या तपासणीला द्यावे. घरातील शिकलेल्या मुलामुलींना हे काम सांगावे आणि शोध पुरा होईपर्यंत इसाराला हात लावू नये.