मोटारसायकलच्या इंजिनाचे तळसंरक्षण

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे 25 किलोमीटरांवर होसकोटे लागते. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणारे हे गाव आता बंगळूरच्या वाढत्या वस्तीला येऊन भिडले आहे. तथापि हमरस्ता सोडला की तांबडी माती, निलगिरीची बने, पावसाने कोरलेल्या गाडीवाटा आणि मातीतून डोके वर काढणारा अतिप्राचीन, कठीण नाइस खडक दिसू लागतो. मातीवरून मोटारसायकल चालविण्याची हौस या भागात चांगलीच रुजली आहे. 2015 साली डकार ही अवघड शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष हे बंगळूरचे. त्यांनी कोलारजवळ या खेळाच्या प्रशिक्षणासाठी मैदानही उभारले. अशा वाटांवर जुनी मोटारसायकल नेणाऱ्याने सर्वप्रथम तिच्या इंजिनाच्या तळाचा विचार करावयास हवा.

इंजिनाचा तळ म्हणजे क्रँककेस. ही पेटी ओतीव अॅल्युमिनियमची असते. ओतीव धातू हलका असला तरी ठिसूळ असतो. टोकदार दगडाचा आघात झाल्यास तो वाकत नाही, तडकतो. तडकलेल्या पेटीतून तेल वाहून जाते आणि चालकाच्या ते लक्षात येण्यापूर्वीच इंजिन जाम होऊ शकते. जुन्या गाडीच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर ठरते. हीरो मोटोकॉर्पने 2011 साली आणलेल्या इम्पल्स या गाडीचे उत्पादन आता बंद झाले आहे. अशा गाडीची क्रँककेस फुटली, तर पैसे असूनही नवी मिळेलच असे नाही. याच कंपनीच्या 2019 सालच्या एक्सपल्स 200 या गाडीला तळाचा संरक्षक पत्रा कारखान्यातच बसविलेला असतो. ज्या गाड्यांना तो नाही, त्यांच्या मालकांना तो बाहेरून घेऊन बसवावा लागतो. गॅरेजमध्ये त्यास स्किड प्लेट किंवा बॅश प्लेट म्हणतात.

पत्रा जितका जाड तितका चांगला, ही समजूत अपुरी आहे. दगडाचा आघात इंजिनाकडे जाऊ न देता गाडीच्या सांगाड्याकडे वळविणे, हे या पत्र्याचे खरे कार्य होय. म्हणून पत्रा आणि इंजिन यांच्यामध्ये फट असणे अनिवार्य आहे. पत्रा इंजिनाला टेकलेला असेल, तर तो आघात थेट इंजिनापर्यंत पोहोचवतो. 5 ते 10 मिलिमीटरांची मोकळी जागा सामान्यतः पुरेशी ठरते.

पत्रा कोणत्या धातूचा असावा? 40 सेंटिमीटर लांब, 25 सेंटिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचे वजन सुमारे 2.35 किलो भरते. त्याच लांबीरुंदीचा 4 मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमचा पत्रा सुमारे 1.1 किलोचा होतो. वजन निम्म्याहून कमी असूनही वाकण्यास त्याचा विरोध पोलादी पत्र्याच्या सुमारे चार पंचमांश असतो. कडा वर वळविल्यास हा विरोध आणखी वाढतो. यामुळेच अॅल्युमिनियमला पसंती दिली जाते.

बसविण्यापूर्वी गाडी थंड होऊ द्यावी, तळ स्वच्छ धुवावा आणि गाडी भक्कम स्टँडवर उभी करावी. सांगाड्याच्या नळ्या नीट पाहाव्यात. जुन्या गाडीत त्या दबलेल्या, गंजलेल्या किंवा जोडापाशी तडकलेल्या असू शकतात. असा दोष आढळल्यास आधी त्याची दुरुस्ती करावी. दुबळ्या नळीवर बांधलेला पत्रा व्यर्थ होय. काही गाड्यांच्या इंजिनाखाली सांगाड्याची नळी मुळीच नसते, इंजिन केवळ वरून टांगलेले असते. तेथे पत्र्यासाठी स्वतंत्र कंस बनवून घ्यावे लागतात.

यानंतर पुठ्ठ्याचा नमुना कापून तळाशी धरून पाहावा. नळ्यांची जाडी, त्यांमधील अंतर, तेल काढण्याच्या बोल्टची जागा आणि सायलेन्सरच्या नळीचा मार्ग त्यावर खुणेने नोंदवावा. तेलाच्या बोल्टसमोर भोक ठेवल्यास प्रत्येक वेळी पत्रा उतरवावा लागत नाही. सांगाड्याच्या नळीला मात्र भोक पाडू नये. त्याने ती कमजोर होते. रबराचे अस्तर दिलेले क्लँप वापरावेत. बोल्टची डोकी पत्र्यात बुडालेली असावीत, अन्यथा पहिलाच दगड ती घासून टाकील आणि पुढे ती पान्यात धरता येणार नाहीत.

सर्व बोल्ट प्रथम केवळ हाताने फिरवून लावावेत. पत्रा मध्यावर आला आणि फट सर्वत्र राखली गेली, याची खात्री झाल्यावर ते समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळावेत. रबराचे अस्तर असलेला क्लँप अतिरिक्त आवळल्यास रबर चिरडते. आटे सैल होऊ नयेत म्हणून त्यांना मध्यम शक्तीचा थ्रेडलॉक लावावा. मग ब्रेकचे पेडल, गिअरचा दांडा आणि साइड स्टँड निर्वेध हलतात का ते तपासावे. पुढची बाजू पूर्ण दाबली असता पुढचे चाक पत्र्याला लागता कामा नये.

खडखडाट थांबविण्यासाठी पत्र्यात स्पंज कोंबण्याची पद्धत धोक्याची आहे. त्यात तेल मुरते आणि जवळच तापलेली सायलेन्सरची नळी असते. साचलेला चिखलही घातक असतो. विशेषतः हवेने थंड होणाऱ्या इंजिनाभोवती तो वाळला, तर उष्णता कोंडते. म्हणून पत्र्यास निचऱ्याची भोके असावीत आणि प्रत्येक फेरीनंतर आतील भाग पाण्याने धुवावा.

पहिल्या सुमारे 50 किलोमीटरांनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. मोठा आघात बसल्यास पत्रा उतरवून फट, क्लँप आणि नळ्या पाहाव्यात व तेलाचा ओघळ आहे का ते पडताळावे. वाकून इंजिनाला टेकलेला पत्रा तसाच ठेवू नये. तो सरळ करून घ्यावा किंवा बदलावा, कारण पुढचा आघात तो इंजिनावरच नेऊन सोडील.