बारा तासांची नोकरी, मग उरलेला आठवडा?

प्रश्न : माझ्या भाचीची फ्रान्समधल्या एका शाळेत इंग्रजीची भाषा-सहायक म्हणून निवड झाली आहे. काम आठवड्याला फक्त १२ तास! एवढ्याशा कामाचा पगार पुरतो का? आणि इंग्रजी आपली मातृभाषा नसताना तिथल्या मुलांना तिचा काय उपयोग?
– एक मावशी, सातारा

उत्तर : मावशी, तो १२ चा आकडा कागदावरच गोंडस दिसतो. सोमवारी सकाळी एक तास, मग दुपारी तीनपर्यंत रिकामं, पुन्हा एक तास, असं वेळापत्रक हाती येतं. प्राथमिक शाळा मिळाल्या तर दोन-तीन शाळांत विभागून काम आणि मध्ये बसचा प्रवास. तयारीचा वेळ वेगळाच.

ही योजना १९०५ पासून चालू आहे. आज ती 'फ्रान्स एज्युकासिओं इंतरनासिओनाल' ही सरकारी संस्था चालवते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा अलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच शिकणाऱ्यांना ती ठाऊक असते. नेमणूक साधारण १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अशी सात महिन्यांची, आणि हातात महिन्याला जवळपास ८०० युरो पडतात. लहान गावात काटकसरीने भागतं. पॅरिसमध्ये त्यातला मोठा वाटा एका खोलीच्या भाड्यातच जातो. म्हणून आडगावची शाळा मिळाली असेल तर नाक मुरडू नये. काही लिसेंमध्ये (म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या आसपासच्या शाळांत) वसतिगृहाची खोली स्वस्तात मिळते. त्याची चौकशी निघण्याआधीच ईमेलने करावी.

खरी कसोटी ऑक्टोबरात लागते, आणि ती कागदांची. रुजू झाल्या दिवशी शाळेच्या कचेरीत 'प्रोसे-व्हर्बाल दँस्तालासिओं' नावाच्या हजेरीपत्रावर सही होते. ते वर पोचल्याशिवाय पगार निघत नाही. पगाराला बँक खातं लागतं, खात्याला पत्ता लागतो आणि घरमालक पगाराचा पुरावा व जामीनदार मागतो. या चक्रात नवखी माणसं हमखास फिरतात. जामीनदाराची अडचण मात्र सुटते: 'व्हिजाल' नावाची मोफत हमी तिशीपर्यंतच्या भाडेकरूंना मिळू शकते. व्हिसाची ऑनलाइन नोंद तिथे पोचल्यापासून तीन महिन्यांत करावी लागते. जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं हवीत आणि त्याचं फ्रेंच भाषांतर अधिकृत भाषांतरकाराचंच हवं. आणि दोन महिन्यांचा खर्च गाठीला हवाच, कारण कागद रेंगाळले तर पहिला पगार नोव्हेंबरअखेर येतो. आगाऊ रक्कम मागता येते, पण मागावी लागते. आपणहून कुणी देत नाही.

आता उपयोगाचं. वर्गाची जबाबदारी मूळ शिक्षकाचीच असते. सहायकाने आठ-दहा मुलांचा गट वेगळा घेऊन त्यांना बोलतं करायचं. गुण देण्याचं काम तिचं नाही. तिथली पंधरा वर्षांची मुलं चुकायच्या भीतीने गप्प बसतात, आपल्याकडच्यांसारखीच. समोरची मुलगी घरी मराठी, रेल्वेत हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी बोलते हे कळलं की त्या भीतीला जरा सुट्टी मिळते. म्हणून भाचीला सांगा, लंडनचा उच्चार आणायचा आटापिटा करू नकोस. नाटककार सॅम्युएल बेकेट १९२८ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये इंग्रजीचा 'लेक्तर' म्हणून गेला, तो हुद्दा याच जातकुळीतला. तो आयरिश होता. पुढे 'गोदो' हे नाटक त्याने लिहिलं तेही फ्रेंचमध्ये.

शिक्षकांच्या खोलीत दुपारच्या कॉफीला तिने जायलाच हवं. तिथेच खोली, जुनी सायकल, शनिवारचं जेवणाचं आमंत्रण मिळतं. आत शिरताना 'बाँजूर' विसरलं तर ते उद्धटपणात मोजतात. अनोळखी माणसाला आधी 'वू' (तुम्ही) म्हणायचं. सहकारी बहुधा स्वतःच 'त्यू'वर (तू) येतात, तोवर थांबावं.

शाकाहारी असेल तर काळजी थोडी कमी: शाळेच्या उपाहारगृहात आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण देणं २०१९ पासून बंधनकारक आहे. उरलेले दिवस चीज, पाव आणि उकडलेल्या भाज्या. सरकारी शाळेतल्या कर्मचाऱ्यांना कोणतंही धार्मिक चिन्ह वागवता येत नाही. विद्यार्थ्यांसाठी २००४ चा कायदा आहे; कर्मचाऱ्यांचा नियम त्याहून कडक. टिकलीचं काय, हे पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना सरळ विचारावं.

तुम्हाला भेटायला जायचं असेलच! साधारण दर सहा-सात आठवड्यांनी दोन आठवड्यांची सुट्टी असते. ऑक्टोबरअखेरची नको, तेव्हा तिचेच हात रिकामे असतील. हिवाळ्याची सुट्टी बरी, पण त्या सुट्टीच्या तारखा अ, ब आणि क अशा तीन विभागांत वेगवेगळ्या असतात. तेव्हा तिकीट काढण्याआधी भाचीची शाळा कोणत्या विभागात येते ते विचारा.