फिट यावी म्हणून

हे बघ, लेकीला व्हिडिओ ईईजीसाठी भरती करायचं म्हणजे आजवरची आपली सगळी रीत उलटी करायची, एवढं आधी मनाशी पक्कं कर. घरी फिट येऊ नये म्हणून आपण जिवाचं रान करतो. झोप मोडू देत नाही, गोळीची वेळ चुकू देत नाही. तिथं डॉक्टरच गोळ्या कमी करतील, रात्री जागवतील, जोरजोरानं श्वास घ्यायला लावतील, डोळ्यांपुढं दिव्याची उघडझाप करतील. कॅमेरा आणि मेंदूचा आलेख चालू असताना फिट आली, तरच ती डोक्याच्या कुठल्या भागातून उठते ते सापडतं. मुळात ती अपस्माराची आहे की दुसरंच काही, हेही तेव्हाच कळतं. माझ्या धाकट्याच्या वेळी शेजारच्या खाटेवरची आजी रोज सकाळी हात जोडून म्हणायची, ‘देवा, आज येऊ दे.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काटा आला अंगावर. मग मीही जोडायला लागले.

गोळ्या कमी करायच्या त्या मात्र तिथं गेल्यावर, आणि त्यांनीच. ‘नाहीतरी बंदच करणार आहेत’ म्हणून घरी एकही चुकवू नको. रस्त्यात फिट आली तर ना कॅमेरा, ना डॉक्टर, नुसता धोका. सोबत नेलेली औषधं सिस्टरकडे दे, आपल्या हातानं काही देऊ नको. उपासतापास असतील तर तेही आधी विचारून घे.

तुझ्या सासूबाईंना आजच सांगून ठेव, आदल्या रात्री नातीच्या डोक्यावर मायेनं तेल थापायचं नाही. मेंदूतली वीज व्होल्टच्या दहा लाखाव्या हिश्शात मोजतात, तेलकट डोक्यावर ती टिपणाऱ्या वायरी नीट धरत नाहीत. शाम्पूनं स्वच्छ धुवायचं, कंडिशनर नाही, केस पूर्ण वाळवायचे. कपडे पुढून बटणांचे घ्या. एकदा डोक्याला वायरी चिकटल्या की कुर्ता डोक्यावरून निघत नाही. दोनतीन दिवसांनी डोकं खाजतं, फार खाजतं. खाजवायचं नाही, सिस्टरला सांगायचं. येताजाता बडीशेप, सुपारी, चुइंगमही नको, जबडा हलला की त्याच्या रेघा आलेखात उमटतात.

आता तुझं काम, आणि ते तिच्याहून अवघड आहे. फिट आली की तू धावून तिच्यावर वाकणार, चादर सारखी करणार, पोरीची जात म्हणून झाकणार. तिथं नेमकं हेच करायचं नाही. आधी फिट आल्याचं कळवायचं बटण दाब. खात्री करत बसू नको. पोटातून काहीतरी वर येतंय, जळका वास येतोय एवढं ती म्हणाली तरी दाब. मग पांघरूण बाजूला सार आणि कॅमेऱ्याच्या आड येऊ नको. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा-पाणी काही घालायचं नाही, आणि कांदा-चप्पल घेऊन कुणी आलंच तर सरळ बाहेर काढ. दिसेल ते मोठ्यानं बोल: मान डावीकडं वळली, उजवा हात ताठ झाला. आवाजही रेकॉर्ड होतो. सिस्टर येऊन तिला नाव विचारेल, एखादा शब्द लक्षात ठेवायला सांगेल, किल्ली दाखवून ‘हे काय?’ म्हणेल. तिला बोलता येत नसेल तर आईच्या मायेनं तू उत्तर देऊ नको. फिटनंतर बोलणं किती वेळ अडतं, यावरूनही डॉक्टर मेंदूची बाजू ओळखतात.

घरची फिट मोबाइलवर घेतली असेल तर तो व्हिडिओ, एमआरआयची सीडी, फिटच्या तारखांची वही, सगळं एका पिशवीत. वहीत पाळीच्या तारखाही लिही. काहीजणींच्या फिट त्या दिवसांत वाढतात, आणि आपल्याकडं बायका नेमकं तेच सांगत नाहीत.

पैशांचं जावईबापूंवर सोपव, पण आधी. नुसत्या तपासणीसाठी भरती झालं तर बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसी हात वर करतात. कंपनीला लेखी विचारून ठेवा. फिट लवकर आली नाही तर मुक्काम वाढतो, तेव्हा दर दिवसाचा खर्चही विचारा. परतीचं तिकीट काढून मोकळे होऊ नका.

भेटायला येणाऱ्यांना काय सांगायचं? खरं ते. ‘लग्न कसं जमणार’ असं कुजबुजणारी तुझी चुलतसासू आहेच. तिला सांग, मिरगी हे हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या आड येणारं कारण होतं, ते 1999 मध्येच काढून टाकलं. पोरीला मात्र गर्दीपासून वाचव. हेडफोन, पत्ते, सोडवायला कोडी दे. दिवसभर खाटेवर पडून फिटची वाट बघायची म्हणजे तरणं पोर कंटाळतं, चिडतं, मध्येच रडतंही. आणि एवढं करून फिट आलीच नाही, तर तिनं काही बिघडवलं असं तोंडातून जाऊ देऊ नको. पुन्हा जावं लागतं कधीकधी.

सुट्टी मिळेल त्या दिवशी चिकटा काढायला औषध लावतात, उरलेला घरी जाईल. त्या रात्री कुठली गोळी, किती, ते कागदावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. आणि लगेच रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघू नका. जागरणानं ती आधीच आंबलेली असेल, गोळ्याही नुकत्याच पूर्ववत झालेल्या. माझ्याकडं या, एक रात्र नीट झोपू दे तिला.