हाडात कोरलेला ग्लॅडिएटर

इतिहासाची साधनं म्हटली की आपल्याला शिलालेख, ताम्रपट, नाणी आठवतात. आज एक वेगळंच साधन पाहूया: चाकूची मूठ! रोमन साम्राज्यात घडीच्या छोट्या चाकूंना हाडाच्या, हस्तिदंताच्या किंवा धातूच्या मुठी असत. त्यातल्या काही मुठींना चक्क ग्लॅडिएटरचा आकार दिलेला आहे. ग्लॅडिएटर म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी रिंगणात शस्त्र घेऊन लढणारा माणूस.

हाडच का वापरलं? हस्तिदंत दुरून यायचा, त्यामुळे महाग. हाड मात्र खाटकाकडे मुबलक. गुरांच्या पायाचं लांब हाड सरळ असतं आणि आतून पोकळ असतं. त्यामुळे कोरणाऱ्याला जागा थोडीच मिळे. म्हणून तो हातपाय अंगालगत ठेवी आणि ओळख पटेल एवढंच दाखवी.

ही ओळख पटते कशी? चेहऱ्यावरून नव्हे, सामानावरून. मोठी चौकोनी ढाल आणि आखूड सरळ तलवार असेल तर तो मुर्मिलो. लहान ढाल, बाकदार तलवार आणि दोन्ही पायांवर उंच कवच असेल तर थ्रेक्स. जाळं आणि त्रिशूळ घेणारा रेटिआरियस. त्याला शिरस्त्राणच नसे, फक्त डाव्या खांद्यावर धातूचं संरक्षण. त्याच्याशी लढायचा सेक्युटर. याचं शिरस्त्राण नीट बघा हं! ते गुळगुळीत गोल असे, म्हणजे जाळं अडकू नये. डोळ्यांसाठी दोन बारीक भोकं, म्हणजे त्रिशूळाचं टोक आत शिरू नये. पण त्यामुळे दिसायचं कमी आणि श्वासही कोंडायचा. लढाई लांबली की सेक्युटर दमणार, हे जाळंवाल्याला पक्कं ठाऊक. जोड्या अशा मुद्दाम ठरवलेल्या असत.

आता खरा प्रश्न. ही माणसं होती कोण? बरेचसे गुलाम, युद्धकैदी, शिक्षा झालेले गुन्हेगार, आणि काही स्वतःहून करार करून आलेले. कायद्याने त्यांची गणना बदनाम लोकांत होई, नगराच्या सभेत त्यांना बसता येत नसे. गायस नावाच्या कायदेपंडिताने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात एक उदाहरण दिलंय. समजा, ग्लॅडिएटर पुरवले. सुखरूप परतला तर माणसामागे २० देनारियस, मेला किंवा जायबंदी झाला तर १०००. मग हा व्यवहार भाड्याचा की विक्रीचा? गायस सांगतो, सुखरूप परतला त्याचं भाडं, मेला वा जायबंदी झाला त्याची विक्री. वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी हा वर्गात शिकवायचा साधा कायद्याचा मुद्दा होता!

आणि याच माणसांची चित्रं दिव्यांवर, काचेच्या पेल्यांवर, चाकूच्या मुठींवर हौसेने मिरवली जात. पाँपेई शहरात तर केलाडस नावाच्या थ्रेक्ससाठी मुली उसासे टाकतात, असं भिंतीवर खरडलेलं सापडलंय. ज्याला सभेत जागा नाही, तो घराघरांत हातात खेळायचा.

आता तुमच्यासाठी एक काम. समजा, संग्रहालयात हाडाची अशी एक मूठ आहे: गुळगुळीत गोल शिरस्त्राण, डोळ्यांच्या जागी दोन बारीक भोकं, पुढे मोठी ढाल. हा कोण? आणि त्याच्यासमोर कोण उभा असणार? उत्तर वहीत लिहा, सोबत कारणही हवं बरं का!