बिडाचा छोटा तवा

पावसाळा संपत आला होता. आमच्या रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या एका बाईंनी भंगारवाल्यासाठी दारात सामान काढून ठेवले होते. फुटकी बादली, सायकलची जुनी साखळी, आणि वीतभर रुंदीचा एक तवा. तवा मूळचा काळा, पण आता तांबडा झाला होता. बोट लावले की बोटाला गंज लागे.

आम्ही विचारले, "बाई, हा का टाकता?"

"सासूबाईंचा आहे. कोकणातून आणलेला. यावर त्या घावणं घालायच्या. पण आता पार सडला. मुलगा म्हणतो, गंजक्या तव्यावरचं खाल्लं तर धनुर्वात होईल."

आम्ही तवा कानाने उचलून धरला आणि टिचकी मारली. टण्ण असा आवाज निघाला आणि थोडा वेळ घुमत राहिला. आम्ही म्हणालो, "तवा चांगला आहे. भंगारात देऊ नका. उद्या वर्गात घेऊन या."

धनुर्वाताचे आधी सांगून टाकू. तो गंज पोटात गेल्याने होत नाही. मातीत, शेणात त्याचे जंतू असतात. ते जखमेतून शरीरात गेले म्हणजे होतो. गंजका खिळा पायात घुसला तर सुई टोचून घ्यावी ती त्या जखमेसाठी. तव्याचा गंज मात्र घासून काढता येतो.

आता हा तवा कशाचा, ते पाहू. लोखंडी तवे दोन तऱ्हांचे असतात. एक पत्र्याचा. तो ठोकून किंवा दाबून घडवतात. आपण भाकरी भाजतो तो बहुधा हाच. दुसरा बिडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. (मराठवाड्यातले बीड गाव वेगळे, बरे का!) भट्टीत लोखंड वितळवतात. त्याचा पाण्यासारखा रस होतो. तो वाळूच्या साच्यात ओततात. निवला की तवा तयार. कोल्हापूरकडे अशा ओतकामाचे पुष्कळ कारखाने आहेत.

बिडात कार्बन जास्त असतो. कार्बन म्हणजे कोळशातले मुख्य द्रव्य. शंभर भाग बिडात तो दोन ते चार भाग असतो. पत्र्यात पाव भागाहूनही कमी. एवढ्याशा फरकाने गुण किती बदलतो पाहा. पत्रा वाकतो, पण तुटत नाही. बीड वाकत नाही, पण आपटले तर काचेसारखे फुटते. बिडाचा तवा जाड असतो, म्हणून तापायला वेळ लागतो. पण एकदा तापला की लवकर निवत नाही. घावणे, आंबोळी, धिरडी यांना असाच तवा लागतो. गार पीठ ओतले तरी तव्याची धग टिकते, म्हणून ते चांगले सुटते.

बीड फुटते हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. आमच्याकडेही असा एक तवा होता. एकदा घाईत, चुलीवरून उतरवल्या-उतरवल्या त्यावर तांब्याभर गार पाणी ओतले. तड् असा आवाज झाला. कडेपासून मध्यापर्यंत केसाएवढी चीर गेली. वरची बाजू एकदम आकसली, खालची तापलेलीच राहिली. त्या ओढाताणीत बीड फाटले. लोहाराकडे नेला. तो म्हणाला, "ही ओतीव वस्तू. घण मारला तर आणखी दोन तुकडे होतील." तो तवा गेला तो गेलाच. गंजलेला तवा परत कामाला येतो, चिरलेला येत नाही. म्हणून टिचकी मारून आवाज ऐकायचा. घुमला तर धड आहे. भद्द वाजला तर चीर शोधा.

बाईंचा तवा दुसऱ्या दिवशी वर्गात आला. विटेचा चुरा आणि नारळाचा काथ्या घेऊन पाळीपाळीने सगळ्यांनी घासला. पुरुष मंडळी आधी लाजत होती, मग त्यांनाच जोर आला. कानाच्या बेचक्यातला गंज निघेना. तेथे चिंचेचे पाणी लावले, थोड्या वेळाने घासले आणि लगेच धुतले. आंबट पाणी गंज सोडवते, पण फार वेळ ठेवले तर चांगले लोखंडही खाते. तवा राखाडी दिसू लागला. धुऊन लगेच विस्तवावर वाळवला. फडक्याने पुसून ठेवला असता तर घटकाभरात पुन्हा तांबूस झाला असता. उघडे लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढणारच.

मग तव्याला तेल पाजले. ही रीत नीट वाचा, कारण येथेच बहुतेकांचे चुकते. तवा कोमट असताना फडक्याने थेंब-दोन थेंब तेल सगळीकडे चोळावे. खाली, कडेला, कानालाही. मग कोरडे फडके घेऊन ते तेल जणू चुकून लागले होते असे समजून पुसून काढावे. तरी डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा राहतो. तेवढाच हवा. मग तवा विस्तवावर ठेवून धूर निघून थांबेपर्यंत तापवावा. खिडकी उघडी ठेवावी, लहान मुले दूर ठेवावीत. आपोआप निवू द्यावा. असे तीन-चार वेळा करावे. तापलेले तेल आटून घट्ट होते आणि लोखंडावर काळी साय बसते. या सायीमुळे पीठ चिकटत नाही आणि पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही. हावरेपणाने तेल जास्त घातले तर साय बसत नाही, डिंकासारखा चिकटा बसतो.

तेल कोणते? करडईचे उत्तम, शेंगदाण्याचे चालते. खोबरेलाची साय नीट बसत नाही. घावण घालताना तवा पुसायला मात्र ते छान.

पुढे रोजची निगा थोडीच आहे. काम झाले की तवा निवू द्यावा. कोमट पाण्याने, काथ्याने धुवावा. काही चिकटले असेल तर खडे मीठ टाकून चोळावे आणि मीठ पूर्ण धुऊन टाकावे, कारण मिठाने गंज धरतो. किंचित साबण लागला तर काही बिघडत नाही. रोज राखेने खसाखसा घासू नये. त्याने साय निघते. रात्रभर मोरीत पाण्यात तर मुळीच ठेवू नये. विस्तवावर वाळवून तेलाचा हात फिरवून ठेवावा. आंबट पदार्थ त्यावर शिजवून तसाच ठेवू नये. साय जाते, पदार्थ काळा पडतो, आणि लोखंडाची चव येते.

थोडे लोखंड अन्नात उतरते ते वाईट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४ जणींना. आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात एक प्रयोग झाला. काही मुलांचे अन्न लोखंडी भांड्यात शिजवले, काहींचे अॅल्युमिनियमच्या भांड्यात. त्याचे निकाल १९९९ साली छापून आले. लोखंडी भांड्यातले जेवलेल्या मुलांचे रक्त अधिक सुधारले होते. पण म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका. तव्याने औषधाचे काम पुरे होत नाही. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर त्याच्यासाठी लोखंडी भांडे वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नवा तवा घ्यायचा असेल तर प्रथम मोठ्याचा मोह टाळा. आठ इंची बिडाचा तवा सव्वा-दीड किलो भरतो. दहा इंची दोन किलोच्या वर जातो. म्हाताऱ्या माणसाला एका हाताने तो उचलत नाही, आणि हातातून सुटला की फुटला. शिवाय लहान शेगडीवर मोठ्या तव्याची कड गार राहते. एक घावण, एक आमलेट, चटणीपुरती मिरची, याला छोटाच बरा. दुकानात तो सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का पाहावे. पृष्ठावर हात फिरवावा. बारीक खरखर असावी, पण खोल छिद्रे नकोत. ओतताना हवा अडकली की ती पडतात. पांढरे फडके घासावे. काळा रंग सुटून आला तर तो तवा सोडून द्यावा. लोहचुंबक लावून फार कळत नाही. अॅल्युमिनियम ओळखू येते, पण पत्रा आणि बीड दोन्हींना तो चिकटतो. जाडी आणि वजन पाहावे. आणि टिचकी मारायला विसरू नये. दुकानदार हसला तर हसू दे.

बाईंनी रविवारी आम्हाला घरी बोलावले. तांदळाचे पीठ पातळ कालवले होते. पहिले घावण चिकटले, दुसरे फाटले. मुलगा म्हणाला, "बघ, मी सांगत होतो." बाईंनी तव्यावर तेलाचे फडके फिरवले आणि थोडा वेळ तसाच तापू दिला. तिसरे कडेने सुटले. चौथे जाळीदार आले, अख्खे निघाले, आणि ते मुलानेच खाल्ले. आम्ही निघालो तेव्हा त्या चुलीजवळ तव्यासाठी खिळा ठोकत होत्या.