आठवणींची वही : कात्री लावण्यापूर्वीचा हिशेब

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणारे, वह्या बांधणारे बाइंडर, फोटो स्टुडिओवाले आणि स्टेशनरीचे दुकानदार यांचा धंदा लग्नसराईवर चालतो. मोबाइलवर निमंत्रणे पाठवण्याची रीत पडल्यापासून पत्रिकांची मागणी कमी झाली. फोटोही मोबाइलमध्येच पडून राहतात. मात्र लग्न, बाळाचे पहिले वर्ष, शाळेचा निरोप समारंभ यांचे मोजके फोटो कागदावर काढून सजवलेली वही करून मागणारे गिऱ्हाईक आता भेटते. इंग्रजीत अशा वहीला स्क्रॅपबुक म्हणतात. छापील नक्षीचे कागद आणि डायने कापलेले आकार ही तिची मुख्य सामग्री आहे. कटिंग, पंचिंग आणि बाइंडिंग जाणणाऱ्या कारागिराला हे काम नवे भांडवल फारसे न घालता करता येते.

हुन्नर आपल्याकडचेच

हे काम परदेशातून आले असे समजण्याचे कारण नाही. इराणी आणि मोगल दरबारांत चित्रे व सुलेखनाचे नमुने जमवून चिकटवलेल्या वह्या होत. त्यांना ‘मुरक्का’ म्हणत. या शब्दाचा अर्थच ठिगळे जोडून केलेले असा आहे. जहांगीर बादशहाच्या ‘मुरक्का-ए-गुलशन’चा मोठा भाग आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. सतराव्या शतकात दख्खनमध्ये, विशेषतः विजापूरकडे, रंगांच्या लहरी उमटवलेल्या अबरी कागदाची चित्रकला भरात होती. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव तर हातकागद करणाऱ्या कागजी कुटुंबांवरूनच ओळखले जाते.

मुरक्क्याच्या कारागिरांची एक रीत आजही उपयोगी आहे. ते समोरासमोरच्या दोन पानांची जोडी मानत. चित्रासमोर चित्र, लिखाणासमोर लिखाण आणि दोन्हीकडे जुळणारा हाशिया. आपणही एकेक पान सुटे न सजवता उघडल्यावर दिसणारी दोन्ही पाने एकत्र मांडावीत.

पहिला धडा : पानाचा आकार

परदेशी वह्यांचे पान बहुधा १२ × १२ इंचांचे असते. आपल्याकडे २० × ३० इंचांचा ताव घेतला, तर त्यातून अशी दोनच पाने निघतात. ६०० चौरस इंचांपैकी २८८ कामी येतात आणि निम्म्याहून अधिक कागद उरतो. त्याच तावातून १० × १० ची सहा पाने निघतात. ताव ३० रुपयांना पडला असे समजा. पहिल्या रीतीने पान १५ रुपयांना पडते, दुसऱ्या रीतीने ५ रुपयांना. कडा साफ केल्यावर पान पावणेदहा इंचांचे राहील. गिऱ्हाइकाला १२ इंचीच हवे असेल, तर २५ × ३६ चा ताव घ्यावा, त्यातून सहा पाने बसतात. नफा बहुतेक वेळा इथेच ठरतो.

दुसरा धडा : मांडणी

पायाचा कागद साधा, एकरंगी आणि जाड, २०० ते २५० जीएसएमचा असावा. त्यावर जास्तीत जास्त तीन नक्ष्या वापराव्यात : एक मोठी, एक बारीक आणि एक पट्ट्यांची किंवा ठिपक्यांची. तिन्हींत एक रंग समान हवा, नाही तर पान गोंधळलेले दिसते.

४ × ६ चा फोटो साडेचार × साडेसहा इंचांच्या साध्या कागदावर बसवावा, म्हणजे चारही बाजूंनी पाव इंच चौकट दिसते. शिवणीकडे एक इंच जागा सोडून फोटो उभा लावला की दुसऱ्या बाजूला सव्वाचार इंच उरतात. ती जागा मजकुरासाठी. फोटोच्या मागून दोन इंचांची नक्षीची पट्टी आडवी न्यावी. डायचे तुकडे तीनच घ्यावेत : मोठा फोटोच्या कोपऱ्याला आणि दोन लहान असे दूर, की तिघांचा त्रिकोण व्हावा. सगळे तुकडे आधी नुसते ठेवून पाहावेत, चिकटवणे शेवटी.

तिसरा धडा : डाय

नवी डाय करण्यापूर्वी ती किती तुकड्यांत वसूल होईल ते पाहावे. डायला १,५०० रुपये लागले आणि तुकड्यामागे ३ रुपये सुटले, तर ५०० तुकड्यांनंतर नफा सुरू होतो. म्हणून आधी फूल, पान, कमान असे सर्व प्रसंगी चालणारे आकार घ्यावेत. नाव किंवा तारीख यांसाठी डाय करू नये, ते हाताने कापावे. बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या, हिमरूच्या बुट्ट्या, जिंतूर तालुक्यातल्याच चारठाण्याचे कोरीव दगडकाम, हे नमुने बाजारातल्या तयार स्टिकरांत मिळत नाहीत. लहान डायसाठी पाने कापून उरलेल्या पट्ट्याच वापराव्यात.

टिकाऊपणा

गिऱ्हाईक ही वही नातवंडांसाठी घेते. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडतो, म्हणून आम्लरहित कागद मागावा. सेलोटेप लावू नये. तुरटी किंवा मोरचूद घातलेली बाइंडिंगची खळ फोटोजवळ नको, तिच्यातील आम्ल कागदाला खाते. फोटो कागदी कोपऱ्यांत बसवावा, म्हणजे तो काढताही येतो. कागदाचा धागा शिवणीला समांतर ठेवावा, तो आडवा गेला तर पाने वाकतात. ताव कापण्याआधीच मागे बाणाची खूण करावी. डायच्या तुकड्यांनी पाने फुगतात, म्हणून शिवणीत पानापानांमध्ये तेवढ्याच जाडीची पट्टी घालावी. नाही तर वही मिटतच नाही.

दर कसा लावावा

कागद, डायची झीज आणि गोंद यांसोबत हाताची मजुरीही धरावी. घरी बसून तुकडे लावणाऱ्या भगिनींचे काम फुकटात धरले, तर दर खोटा ठरतो आणि धंदा टिकत नाही. सुरुवातीला दहा पानांचा एकच नमुना करून दुकानात ठेवावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि मगच ताव आणावेत. उधारीवर कागद भरून गिऱ्हाइकाची वाट पाहणे या धंद्यात परवडणारे नाही.