गुत्तीचा निळा कोळी

मुरारराव घोरपडे यांच्यामुळे आंध्र प्रदेशातील गुत्तीचा किल्ला मराठी इतिहासात प्रसिद्ध आहे. याच गावाचे नाव एका दुर्मिळ कोळ्यासही मिळाले आहे, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. १८९९ साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले व त्यास ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’ असे शास्त्रीय नाव दिले.

तो नमुना गुत्ती येथील रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडला होता. या कोळ्याचे खरे वसतिस्थान मात्र पुढे शंभर वर्षे अज्ञातच राहिले. २००१ साली पूर्वघाटात, नंद्याल व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या राखीव वनात, तो पुन्हा आढळला. ओंडक्यांबरोबर रेल्वेने तो गुत्तीस पोहोचला असावा, असे अभ्यासक मानतात.

पाय पसरले असता हा कोळी सुमारे १५ सेंटिमीटर भरतो. त्याची झळझळीत निळाई रंगद्रव्याची नसून, मोरपिसाप्रमाणेच, सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची आहे. जुन्या पानझडी वृक्षांच्या ढोलीत तो दिवसा दडून राहतो व रात्री कीटकांची शिकार करतो. त्याचा दंश अत्यंत वेदनादायक असतो. म्हणून त्यास हाताळू नये. परंतु त्यामुळे मनुष्य दगावल्याची नोंद नाही. डिवचल्याखेरीज तो सहसा चावत नाही. पळून लपणेच पसंत करतो.

आज त्याचे अस्तित्व धोक्यात आले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २००८ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. त्याचे ज्ञात क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी असल्याचे तेव्हा नमूद करण्यात आले. सरपण व इमारती लाकडासाठी होणारी वृक्षतोड हे या संकटाचे एक कारण, तर शौकिनांसाठी होणारी चोरटी विक्री हे दुसरे. २०१९ साली या वंशातील सर्व कोळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालण्यात आले.

तथापि, केवळ निर्बंधांनी हा कोळी वाचणार नाही. पोकळ झालेला वृक्ष निरुपयोगी समजून प्रथम तोडला जातो. पण तीच पोकळी या जीवाचे घर असते. नवे रोप लावता येते, परंतु ढोली तयार होण्यास अनेक दशके लागतात. वनालगतच्या ग्रामस्थांनी असे वृक्ष राखावेत आणि शिक्षकांनी त्यांचे महत्त्व विद्यार्थ्यांस समजावून द्यावे. वृक्षारोपणाइतकेच वृद्ध वृक्षांचे जतनही अगत्याचे आहे.